अमेरिकेत पहिलं पिस्तूल घेतलं की लोक त्यात काय काय बदलतात, आणि जाणकार काय बदलू नका म्हणतात?

चावी, पाकीट, मोबाईल. घरातून निघताना आपल्याकडं माणूस खिसे चाचपून या तीन गोष्टी बघतो. अमेरिकेत लाखो लोकांच्या यादीत चौथी गोष्ट असते, पिस्तूल. रोज अंगावर बाळगायच्या वस्तूंना तिकडं 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात, थोडक्यात ईडीसी. आणि त्यासाठी घेतलेल्या पिस्तुलाला 'कॅरी पिस्तूल'.

हा हौशी लोकांचा छोटासा कोपरा आहे असं वाटत असेल तर तसं नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ३२ टक्के अमेरिकन प्रौढांनी आपल्याकडं बंदूक आहे असं सांगितलं. त्यातल्या ७२ टक्के लोकांनी 'संरक्षण' हे मोठं कारण दिलं. जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ब्रूएन खटल्यात निकाल दिला आणि घराबाहेर बंदूक बाळगणं हाही घटनेनं दिलेला हक्क आहे असं सांगितलं. ५० पैकी २९ राज्यांत तर आता पात्र प्रौढ माणसाला लपवून पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही.

म्हणजे दरवर्षी पहिलंवहिलं पिस्तूल घेणाऱ्यांची मोठी फौज बाजारात येते. आणि त्यांच्या मागोमाग येतो पार्टचा बाजार.

बुलेट घेतली की आठवड्याभरात सायलेन्सर बदलणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. तोच प्रकार. ग्लॉक १९, सिग सॉअर पी३६५ किंवा स्मिथ अँड वेसनचं शील्ड अशी साधारण चारशे ते सहाशे डॉलरची पिस्तुलं लोक पहिल्यांदा घेतात. मग सोनेरी नळी, खाचा पाडलेली स्लाइड, हलका ट्रिगर, लाल ठिपक्याची साइट, टॉर्च असं करत करत मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे वरच्या सामानावर जातात. फरक एवढाच की बुलेटचा सायलेन्सर चुकला तर आवाज होतो आणि पोलीस पावती फाडतात. इथं चूक झाली तर गोळी सुटते. किंवा जेव्हा सुटायला हवी तेव्हा सुटत नाही.

म्हणून तिथले प्रशिक्षक आणि जुने जाणकार पहिल्या पिस्तुलाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. पिस्तुलाच्या बाहेर पैसे खर्च करा, आत हात घालू नका.

पहिला खर्च होल्स्टरचा

आजची बहुतेक कॅरी पिस्तुलं 'स्ट्रायकर' पद्धतीची असतात. जुन्या रिव्हॉल्व्हरसारखा बाहेर दिसणारा घोडा त्यांना नसतो. बऱ्याच मॉडेलना अंगठ्यानं दाबायचा सेफ्टी खटकाही नसतो. ग्लॉकचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. हा जोर बोटानं दिला काय किंवा ट्रिगरमध्ये अडकलेल्या कापडानं दिला काय, पिस्तुलाला फरक कळत नाही.

इथं होल्स्टरचं काम सुरू होतं. होल्स्टर म्हणजे पिस्तूल अडकवायची पिशवी असं नवख्याला वाटतं, प्रत्यक्षात पिस्तूल अंगावर असताना ट्रिगरला झाकून ठेवणारा तो एकमेव भाग असतो. म्हणून चांगल्या होल्स्टरची परीक्षा सोपी आहे. ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे आणि बाहेरून दाबलं तरी ट्रिगर हलता कामा नये. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये. पळताना, वाकताना पिस्तूल जागेवर राहिलं पाहिजे. त्यामुळं 'कायडेक्स' नावाच्या कडक प्लॅस्टिकचे, त्या त्या मॉडेलच्या मापाचे होल्स्टर सर्वांत जास्त चालतात. किंमत साठ ते शंभर डॉलर. पंधरा-वीस डॉलरला 'सगळ्या पिस्तुलांना बसणारे' कापडी होल्स्टरही मिळतात, आणि घोळ बहुतेक वेळा तिथंच होतो. चामड्याचा होल्स्टर वाईट नसतो, पण वर्षानुवर्षं वापरून तोंडाशी मऊ पडला तर त्याची घडी आत वळते. तीच घडी पिस्तूल परत ठेवताना ट्रिगर दाबू शकते.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पिस्तूल काढतानाच्या घाईची चर्चा सगळे करतात, पण परत ठेवताना होणारे अपघात तितकेच गंभीर असतात. शर्टाचं टोक, जॅकेटच्या दोरीची प्लॅस्टिकची गाठ ट्रिगरच्या कडीत शिरते, माणूस सवयीनं पिस्तूल खाली दाबतो आणि गोळी सुटते. आजकाल बरेच जण पोटाच्या पुढच्या बाजूला, पट्ट्याच्या आत पिस्तूल ठेवतात. तिथून नळीचं तोंड कुठं असतं याचा अंदाज करा. मांडीतली मोठी धमनी तिथंच आहे. म्हणून प्रशिक्षकांचा नियम असा की काढायला घाई चालेल, ठेवायला नाही. कपडा बाजूला करायचा, खाली बघायचं, कंबर किंचित पुढं काढायची, मग हळू ठेवायचं.

होल्स्टरबरोबर पट्टा येतो. साधा फॅशनचा पट्टा पाऊण किलोच्या वजनानं लोंबतो, पिस्तूल हलत राहतं, माणूस दिवसभर ते चाचपत बसतो. कडक पट्टा घेतला की निम्म्या तक्रारी संपतात. दिसायला काहीच ग्लॅमर नाही, त्यामुळं या खर्चाचे रील कुणी बनवत नाही.

आणि होल्स्टर अंगावर नसेल तर? डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावात एक तरुण आई मुलांना घेऊन वॉलमार्टमध्ये खरेदीला गेली होती. पिस्तूल पर्समध्ये होतं, त्यासाठी खास कप्पा असलेल्या पर्समध्ये. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलानं चेन उघडली, पिस्तूल हाती लागलं आणि गोळी आईलाच लागली. ती जागीच गेली. तिच्याकडं परवाना होता, तिला बंदूक नीट हाताळता येत होती. पर्स काही क्षण हातावेगळी झाली, बस्स.

बॅगेतल्या पिस्तुलाचा दुसरा त्रास विमानतळावर दिसतो. अमेरिकेच्या टीएसए या सुरक्षा यंत्रणेला २०२३ मध्ये प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यातल्या जवळपास ९३ टक्के भरलेल्या होत्या. पकडलेल्यांचं नेहमीचं उत्तर असतं, 'बॅगेत आहे हे विसरलोच.'

आता ट्रिगरकडं वळू

नव्या माणसाला सर्वांत जास्त मोह ट्रिगरचा होतो. कारखान्यातून आलेला ट्रिगर थोडा जड, थोडा खरखरीत लागतो. शंभर-दीडशे डॉलरमध्ये हलका, गुळगुळीत, लाल रंगाचा ऍल्युमिनियमचा ट्रिगर मिळतो. यूट्यूबवर बसवायची पद्धत असते. वीस मिनिटांचं काम.

पण त्या खरखरीत ट्रिगरच्या मागं काय आहे ते आधी बघायला पाहिजे. ग्लॉकचंच उदाहरण घेऊ. ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पिस्तूल स्वीकारलं, तेव्हा त्याला बाहेरचा सेफ्टी खटका नव्हता. त्याऐवजी आत तीन अडसर होते. ट्रिगरच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, ती दाबली गेल्याशिवाय ट्रिगर मागं जात नाही. आत एक खुंटी असते, जी टोचा पुढं जाऊ देत नाही. आणि तिसरी व्यवस्था पिस्तूल पडलं तरी टोचा सुटू नये म्हणून. ट्रिगर पूर्ण ओढला तरच हे तिन्ही अडसर एकापाठोपाठ दूर होतात. प्रत्येक भागाचं माप, प्रत्येक स्प्रिंगचा ताण एकमेकांवर अवलंबून आहे.

आता यातला एक भाग तिसऱ्याच कंपनीचा बसवला, स्प्रिंग हलकी केली, एक कड घासून गुळगुळीत केली, तर पिस्तूल चालेलही. बहुतेक वेळा चालतंच. पण टोचाची स्प्रिंग हलकी झाली की काडतुसाच्या बुडावरचा घाव हलका बसतो आणि कधीतरी गोळी सुटत नाही, नुसतं 'टक्' होतं. उलट बाजूनं पट्टी नीट बसली नाही किंवा पकड कमी झाली, तर पडल्यावर सुटू शकते.

पडल्यावर सुटणं हा काल्पनिक धोका नाही. सिग सॉअरच्या पी३२० या पिस्तुलाच्या लष्करी आवृत्तीची निवड जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्करानं केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाहेरच्या लोकांनी नागरी मॉडेल वेगवेगळ्या कोनांतून पाडून बघितलं. स्लाइडची मागची बाजू जमिनीवर एका विशिष्ट कोनात आपटली की गोळी सुटत होती. कारण काय, तर ट्रिगरचं स्वतःचं वजन. पिस्तूल जमिनीवर थांबलं, पण जड ट्रिगर आपल्याच वेगानं मागं जात राहिला, जणू कुणी बोटानं ओढला. कंपनीनं ऐच्छिक बदलाची मोहीम काढली आणि हलका ट्रिगर व आतले काही भाग बदलून दिले. या पिस्तुलाबद्दल त्यानंतरही खटले झाले, ट्रिगर न ओढता गोळी सुटल्याचे आरोप झाले, कंपनी ते नाकारत आली आहे. तो वाद वेगळा. पण ट्रिगरचं काही ग्रॅम वजन इतका फरक पाडतं, हे एका मोठ्या कारखान्यालाही ग्राहकांच्या हातात माल गेल्यावर उमगलं. टेबलावर पाना-पेचकस घेऊन बसलेल्या हौशी माणसाकडं पाडून बघायची सोय तर नसतेच.

महाराष्ट्राला हा धोका नवा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा त्यांच्या बाजूनं सांगण्यात आलं. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असायचा. म्हणून अमेरिकेत जुनी मंडळी सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची. रुगर कंपनीनं १९७३ मध्ये आपल्या सिंगल ऍक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये मधे सरकणारी पट्टी बसवली, तेव्हा त्या रिव्हॉल्व्हरपुरती ही कसरत संपली.

अजून एक मुद्दा कोर्टाचा. स्वसंरक्षणात गोळी झाडली तरी अमेरिकेत प्रकरण सरकारी वकिलाकडं जातं, नुकसानभरपाईचा दावाही होऊ शकतो. तिथं 'यानं मुद्दाम ट्रिगर इतका हलका का केला?' हा प्रश्न आरोपीच्या वकिलाला नको असतो. स्लाइडवर कवटी किंवा धमकीचं वाक्य कोरून घेणाऱ्यांनाही हाच सल्ला मिळतो. सरावाच्या पिस्तुलावर काय हवं ते करा, रोज बाळगायचं ते कारखान्यातून आलं तसं राहू द्या.

आणि एक बदल असा आहे की ज्यावर चर्चाच नाही. पिस्तूल आपोआप एकामागून एक गोळ्या झाडू लागेल असा 'स्विच' नावाचा तुकडा चोरबाजारात फिरतो. अमेरिकी कायद्यानं तो तुकडाच मशीनगन धरला जातो आणि तो बाळगल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

ज्या बदलांना जाणकार 'हो' म्हणतात

पहिला, साइट्स. म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा. ग्लॉकबरोबर येणाऱ्या साध्या साइट्स प्लॅस्टिकच्या असतात, होल्स्टरमध्ये ये-जा करून त्यांच्या कडा झिजतात. त्याजागी लोखंडी साइट्स बसवणं हा समजूतदार खर्च. अंधारात चमकणाऱ्या साइट्समध्ये ट्रिटियम वायूची बारीक नळी असते. ट्रिटियमचं अर्धआयुष्य सुमारे १२.३ वर्षं. म्हणजे बारा वर्षांत उजेड निम्मा. सेकंडहँड पिस्तूल घेताना 'नाइट साइट आहे' असं सांगितलं तर ती किती सालची हे विचारायचं असतं ते यासाठी.

दुसरा, लाल ठिपक्याची साइट, जिला रेड डॉट म्हणतात. स्लाइडवर छोटी काच बसते, तिच्यात लाल ठिपका दिसतो. ठिपका निशाण्यावर ठेवायचा, दोन खुणा एका रेषेत आणायची कटकट नाही. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणाऱ्यांना याचा खरा फायदा होतो, कारण नजर पुढच्या साइटवर नाही, लांबच्या निशाण्यावर ठेवता येते. किंमत दोनशेपासून सहाशे डॉलर. पण ही वस्तू घेतली की तिची देखभालही गळ्यात पडते. सेल संपतो. गोळीच्या धक्क्यानं स्क्रू ढिले होतात. त्यामुळं स्क्रू ठरावीक जोरानंच आवळायचे, त्याला निळा थ्रेडलॉकर लावायचा आणि स्क्रूच्या डोक्यापासून काचेच्या खोक्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. सेल दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला बदलायचा, उरला असला तरी. बऱ्याच मॉडेलना गाडीच्या रिमोटमध्ये असतो तोच बटण सेल लागतो, आणि तो काही महाग नसतो.

तिसरा, नळीखाली बसणारी टॉर्च. यावर मतभेद आहेत. अंधारात समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय गोळी झाडणं म्हणजे घरातल्याच माणसाला मारण्याची शक्यता, म्हणून टॉर्च हवी हे सगळे मानतात. पण पिस्तुलावरच्या टॉर्चनं ज्याच्यावर उजेड पाडाल त्याच्यावर नळीही रोखली जाते. रात्री उशिरा घरी आलेला मुलगा बघायचा असेल तर हातातली वेगळी टॉर्चच बरी. शिवाय पिस्तुलावर टॉर्च बसवली की होल्स्टर नवा घ्यावा लागतो, हे बिल भरताना कळतं.

बाकी सोनेरी नळी, स्लाइडला पाडलेल्या खिडक्या, रंगीत बटणं यांनी फोटो छान येतो. खिडक्यांतून खिशातला कचरा आत जातो, तो मात्र फोटोत दिसत नाही.

गोळ्यांचा हिशोब

हे सगळं सामान घेण्याआधी एक खर्च असतो, ज्याला टाळाटाळ होते. नव्या पिस्तुलातून किमान दोनशे-तीनशे सरावाच्या गोळ्या झाडून बघायच्या, मग त्यावर भरवसा ठेवायचा. ९ मिलिमीटरची सरावाची गोळी साधारण पाव डॉलरच्या वर पडते. त्यानंतर ज्या गोळ्या रोज भरून बाळगणार त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या निदान पन्नास गोळ्या चालवून बघायच्या. काही पिस्तुलं सरावाच्या गोलाकार टोकाच्या गोळ्या झकास खातात आणि दुसऱ्या प्रकारच्या गोळीवर अडकतात.

हा दुसरा प्रकार म्हणजे 'हॉलो पॉइंट'. टोकाला खड्डा असलेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी. ऐकायला क्रूर वाटतं, पण नागरी वापरात तिचं एक समर्थन असं की ती आत थांबते, आरपार जाऊन मागं उभ्या असलेल्याला लागण्याचा धोका कमी होतो. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले, तेव्हापासून एफबीआय जिलेटिनच्या ठोकळ्यात अशा गोळ्या तपासते. १२ ते १८ इंच शिरणारी गोळी त्यांच्या मापात बसते.

पसरणाऱ्या गोळीचा भारताशी जुना संबंध आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या ब्रिटिश शस्त्रागारात अशी गोळी तयार झाली, म्हणून जगभर तिला 'दमदम बुलेट' म्हणतात. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात तिच्यावर बंदी आणली. म्हणजे सैनिकाला जी वापरता येत नाही ती अमेरिकेतला नागरिक खिशात बाळगतो. त्यातही राज्याराज्यात फरक. मराठी मंडळी मोठ्या संख्येनं राहतात त्या न्यू जर्सीत हॉलो पॉइंट घरी ठेवता येतात, पण बाहेर बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत.

एक बारीक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तीच गोळी परत चेंबरमध्ये भरली, की प्रत्येक वेळी तिचं टोक नळीच्या तोंडाशी आपटतं. हळूहळू शिसं काडतुसात आत दबतं. आतली जागा कमी झाली की दारूचा दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून वरची गोळी दुसऱ्या नव्या गोळीशेजारी उभी करून उंची ताडून बघायची आणि आखूड दिसली तर बाजूला काढायची. त्याहून सोपा उपाय म्हणजे विनाकारण भरणं-रिकामं करणं थांबवायचं, पिस्तूल होल्स्टरसकट काढून तिजोरीत ठेवायचं.

साफसफाई, जिथं सर्वांत जुनी चूक होते

'बंदूक साफ करताना गोळी सुटली' ही बातमी मराठी वर्तमानपत्रांतही वर्षानुवर्षं येत आली आहे. रिकामी बंदूक साफ करताना गोळी सुटत नाही. म्हणजे ती रिकामी नव्हती.

यामागं बहुतेकदा क्रम चुकलेला असतो. आधी मॅगझिन काढायचं, नंतर स्लाइड मागं ओढून चेंबरमधली गोळी बाहेर पाडायची. हे उलटं केलं, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर ओढताना बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. माणसाच्या एका हातात मॅगझिन, टेबलावर एक गोळी, आणि डोक्यात 'झालं रिकामं'. यात भर अशी की ग्लॉकची स्लाइड उतरवायला आधी ट्रिगर ओढावाच लागतो. सिगच्या पी३६५ ला तसं करावं लागत नाही. ग्लॉकवाल्यांनी म्हणूनच चेंबर डोळ्यांनी बघायचं, करंगळी घालून चाचपायचं आणि मगच ट्रिगर, तोही नळी सुरक्षित दिशेला रोखून. गोळ्या साफसफाईच्या खोलीत ठेवायच्याच नाहीत, हा नियम ऐकायला अती वाटतो, पण पाळणारे पाळतात.

पुढचं काम सोपं. स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि खालचा सांगाडा असे चार तुकडे होतात. नळी मागच्या बाजूनं ब्रश घालून साफ करायची, काजळी पुसायची. तेल मात्र थेंबाथेंबानं. शिवणयंत्राला जितकं देतात त्याहून जास्त नाही. स्लाइड जिथं घसरते त्या पट्ट्यांवर आणि नळी जिथं घासते तिथं. टोचाच्या बोगद्यात तेल घालायचं नाही. तिथं तेल आणि धूळ यांचा चिखल झाला की टोचा मंदावतो आणि गोळी सुटत नाही. नवखा माणूस कमी तेलानं नाही, जास्त तेलानं पिस्तूल बिघडवतो.

अंगावर बाळगलेलं पिस्तूल गोळ्या न झाडताही घाण होतं. कपड्यांचा भुगा आत जातो, घामातलं मीठ साइट्स आणि स्क्रूवर गंज आणतं. दर पंधरवड्याला कोरड्या कापडानं पुसणं आणि महिन्यातून एकदा उघडून बघणं पुरतं. काम झालं की हात साबणानं धुवायचे, मग जेवायचं. काजळीत शिसं असतं. लहान लेकरं घरात असतील तर साफसफाईचं कापड आणि चटई त्यांच्या हाती लागू द्यायची नाही.

झिजणारे भाग दोनच मोठे. परतीची स्प्रिंग आणि मॅगझिन. पिस्तूल जितकं लहान तितकी स्प्रिंगवर मेहनत जास्त. पी३६५ सारख्या चिमुकल्या पिस्तुलात अडीच हजार गोळ्यांच्या आसपास स्प्रिंग बदलायला सांगतात, मोठ्या पिस्तुलांत ती साधारण पाच हजारापर्यंत जाते. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेत बघायचा. वीस-तीस डॉलरचा हा भाग शंभर डॉलरच्या ट्रिगरपेक्षा जास्त उपयोगाचा. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते हा जुना समज. खरी झीज पुन्हा पुन्हा भरण्या-रिकामं करण्यानं होते. सरावात मॅगझिन जमिनीवर पडतात, ओठ वाकतात, माती जाते. म्हणून बाळगायची मॅगझिन वेगळी, सरावाची वेगळी, आणि प्रत्येकावर मार्करनं नंबर. 'तीन नंबर दोनदा अडकलं' असं कळलं की ते बाद.

रात्री पिस्तूल कुठं असतं?

दिवसभराच्या होल्स्टरची चर्चा तासन्‌तास चालते, रात्रीच्या जागेची होत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,२०४ माणसं गेली, त्यातल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. घरातली भरलेली बंदूक चोरापेक्षा आधी घरातल्याच खचलेल्या माणसाच्या किंवा कुतूहल असलेल्या पोराच्या हाती लागण्याची भीती खरी आहे. उशीखाली, ड्रॉवरमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेलं मुलांना माहीत नसतं, हा मोठ्यांचा भ्रम. नंबर दाबून काही सेकंदांत उघडणारी छोटी तिजोरी शंभर ते दोनशे डॉलरला येते. ती भिंतीला किंवा पलंगाला पक्की बोल्टनं आवळायची, नाहीतर चोर तिजोरीसकट घेऊन जातो. तिचाही सेल दरवर्षी बदलायचा. घरात कुणी मानसिक ताणातून जात असेल तर काही काळ पिस्तूल घराबाहेर, विश्वासू माणसाकडं किंवा दुकानात ठेवायची पद्धत तिथं अनेक ठिकाणी आहे. मात्र कुणाकडं ठेवता येतं याचे नियम राज्यागणिक बदलतात.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचं काय?

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राबरोबर पिस्तूल विकत घ्यायच्या गप्पा मारण्याआधी वकिलाला विचारणं स्वस्त पडतं, कारण इथं चूक झाली तर व्हिसाही जातो. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ती आडकाठी नाही, पण राज्याचे नियम लागू होतात.

भारतात हा सगळा विषय वेगळ्या वळणावर आहे. ग्लॉक १९ ज्या ९ मिलिमीटरच्या गोळीवर चालतं तो बोअर इथं प्रतिबंधित आहे. परवानाधारकाकडं सहसा .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं सव्वा लाखाच्या आसपासचं 'निर्भीक' हेही त्याच बोअरचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. परवाना पाच वर्षांचा. काडतुसं मर्यादित मिळतात, त्यामुळं दोनशे गोळ्या झाडून पिस्तूल तपासायची चैन इथं बहुतेकांना जमत नाही. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. त्यामुळं पुसणं आणि तेल देणं एवढं मालकानं घरी करायचं. ट्रिगर जड लागतोय, घोडा नीट बसत नाही अशी तक्रार असेल तर गल्लीतल्या कारागिराकडं नाही, परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याच्या किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात, बंदुकीचा परवाना सोबत घेऊन जायचं.